अमेरिकी नेत्याची आयातशुल्कावरील भूमिका कशी तपासावी

ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या सरकारने अमेरिकी दूरचित्रवाणीवर एक जाहिरात दाखवली. तिच्यात १९८० च्या दशकात अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या रोनाल्ड रेगन यांचा आवाज होता आणि आयातशुल्काचा फटका अखेर अमेरिकी कामगाराला व ग्राहकालाच बसतो, हा त्यांचा युक्तिवाद ऐकू येत होता. ही जाहिरात दिशाभूल करणारी आहे, रेगन यांना तर आयातशुल्क प्रिय होते, असे डोनाल्ड ट्रम्प यांनी म्हटले आणि कॅनडाबरोबरची व्यापारविषयक बोलणी थांबवल्याचे जाहीर केले. एकाच नेत्याबद्दल असे परस्परविरोधी दावे होतात तेव्हा बहुतेक जण आपल्याला पटणारा दावा उचलतात आणि पुढे जातात. वास्तविक अशा दाव्यांची शहानिशा करता येते. तिच्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही; मात्र काही कागद चिकाटीने आणि ठरावीक क्रमाने वाचावे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये बऱ्याचशा भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि त्याच महिन्यात आणखी २५ टक्के शुल्क लागले. त्यानंतर अमेरिकी नेत्यांची व्यापारविषयक विधाने मराठी वर्तमानपत्रांतही पहिल्या पानावर येऊ लागली. त्यामुळे हे वाचन कसे करावे, हे मराठी वाचकानेही शिकून घेण्याजोगे आहे.

भाषण पूर्ण वाचावे आणि तारखेसह वाचावे

जाहिरातीतील वाक्ये २५ एप्रिल १९८७ रोजीच्या नभोवाणी भाषणातली होती. वाक्ये खरी होती, पण त्यांचा क्रम बदललेला होता आणि मधला बराच मजकूर गाळलेला होता. मूळ भाषण जेमतेम पाच मिनिटांचे आहे आणि रेगन यांच्या अध्यक्षीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्याचा संपूर्ण मजकूर मिळतो. तो वाचला की पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, शुल्काविरुद्ध बोलणाऱ्या रेगन यांनी आठच दिवस आधी, १७ एप्रिलला, सुमारे ३० कोटी डॉलर किमतीच्या जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के शुल्क लावले होते. सेमीकंडक्टरसंबंधी १९८६ मध्ये झालेला करार जपान पाळत नाही, हे त्याचे कारण होते. जपानचे पंतप्रधान नाकासोने पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनला येणार होते, आणि अध्यक्षांना प्रत्युत्तरादाखल शुल्क लावणे भाग पडेल अशा तरतुदी अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, होत्या. म्हणजे एकाच भाषणात रेगन तीन कामे करत होते: लावलेल्या शुल्काचे समर्थन, ते अपवादात्मक असल्याची ग्वाही आणि काँग्रेसला इशारा. यांतले एक काम वगळून उरलेली दोन सांगितली, तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होणारच.

म्हणून कोणतेही उद्धृत हाती आले की त्याच्याजवळ चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: भाषणाची तारीख, समोरचा श्रोता, त्याआधीच्या काही आठवड्यांत निघालेला आदेश आणि त्या वेळी काँग्रेसपुढे प्रलंबित असलेले विधेयक. ओहायोतील पोलाद कामगारांपुढे केलेले भाषण आणि आयोवातील सोयाबीन उत्पादकांपुढे केलेले भाषण एकाच नेत्याचे असले तरी त्यांतला जोर निरनिराळ्या ठिकाणी असतो. हा ढोंगीपणाच असतो असे नाही, पण नोंद करताना तो फरक दिसला पाहिजे.

बोलण्याशेजारी कृती मांडावी

भाषणानंतर कृतींची यादी करावी, आणि ती करताना केवळ शुल्काचे आदेश पाहून थांबू नये. रेगन यांच्याच बाबतीत ही यादी फार बोलकी आहे. त्यांनी १९८८ मध्ये कॅनडाबरोबर मुक्त व्यापार करार केला, जागतिक व्यापार-वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीला १९८६ मध्ये चालना दिली आणि कापड आयातीवर निर्बंध घालणारे विधेयक डिसेंबर १९८५ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. दुसऱ्या बाजूला, १९८१ मध्ये जपानी मोटारींच्या निर्यातीवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा आली, तीसुद्धा ‘स्वेच्छेने’ घातलेली म्हणून. ही मर्यादा शुल्काच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही, कारण अमेरिकेने शुल्क लावलेलेच नव्हते. जपानने आपण होऊन कमी मोटारी पाठवायच्या होत्या. ग्राहकाला मोटार महाग पडली, आणि वाढीव किमतीचा मोठा वाटा अमेरिकी तिजोरीत न जाता जपानी उत्पादकांकडे गेला. नुसते शुल्काचे दर पाहून जो अभ्यासक रेगन यांना मुक्त व्यापाराचा निखळ पुरस्कर्ता ठरवील, त्याच्या नजरेतून एवढा मोठा निर्बंध निसटून जाईल. म्हणून कोटा, ‘स्वेच्छा’ मर्यादा, पडेल भावात ओतल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचे डम्पिंगविरोधी शुल्क, सरकारी खरेदीत देशी मालाची अट आणि अनुदाने हे सगळे यादीत आलेच पाहिजे.

मोटारसायकलींचे प्रकरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण एखादा शुल्क-आदेश कसा वाचावा हे त्यातून चांगले कळते. एप्रिल १९८३ मध्ये रेगन यांनी ७०० सीसीहून मोठ्या मोटारसायकलींवरचे शुल्क ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेले. मागणी हार्ली-डेव्हिडसन कंपनीची होती. आकडा ऐकून हा नेता कट्टर संरक्षणवादी वाटेल, पण आदेशात तीन अटी होत्या: मुदत पाच वर्षांची, दर वर्षागणिक उतरता, आणि ज्या देशांतून थोड्या गाड्या येत होत्या त्यांना ठरावीक संख्येपर्यंत सवलत. जपानी कंपन्यांनी इंजिने ७०० सीसीच्या किंचित खाली आणून काही प्रमाणात वाट काढली. हार्लीची स्थिती सुधारली आणि १९८७ मध्ये तिनेच मुदतीपूर्वी शुल्क उठवण्याची विनंती केली. हे शुल्क कंपनीच्या कामी आले की ती नवी उत्पादनपद्धती आणि नव्या इंजिनांमुळे सावरली, यावर आजही वाद आहे. मात्र नेत्याच्या भूमिकेपुरते उत्तर अटींमध्येच आहे: तात्पुरते, मोजून-मापून आणि एका उद्योगाला सावरण्यापुरते संरक्षण त्यांना मान्य होते.

अधिकार कोणाचा आणि कोणत्या कायद्याखाली

शुल्क लावण्याचा अधिकार अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाने काँग्रेसला दिलेला आहे. अध्यक्ष जे करतात ते काँग्रेसने कायद्याने सोपवलेल्या अधिकारांतून करतात. ही पद्धत मुख्यतः १९३४ च्या परस्पर व्यापार करार कायद्याने रुळली. त्याआधी १९३० मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या आणि अध्यक्ष हूव्हर यांनी स्वाक्षरी केलेल्या स्मूट-हॉली कायद्याने अनेक वस्तूंचे दर वाढवले होते. हूव्हर यांनी स्वाक्षरी करू नये असे निवेदन हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी दिले होते. त्या अनुभवानंतर दर कमी करण्याच्या वाटाघाटींचे काम अध्यक्षांकडे आले. पुढच्या कायद्यांनी अध्यक्षांना दर वाढवण्याचेही मार्ग दिले.

नेता कोणता मार्ग निवडतो, यावरून त्याची भूमिका ओळखता येते. व्यापार कायदा, १९७४ मधील कलम २०१ खाली आयातीच्या लोंढ्याने उद्योगाची गंभीर हानी झाली आहे, हे आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाला तपासावे लागते आणि दिलासा मुदतीचा असतो. त्याच कायद्यातील कलम ३०१ परदेशाच्या अन्याय्य व्यापारपद्धतींसाठी आहे. १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातील कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेसाठी आहे, आणि तिथे मुदतीचे बंधन सैल आहे. मार्च २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पोलादावर २५ टक्के व ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले ते याच कलमाखाली. मात्र त्यांच्याच संरक्षण खात्याच्या टिपणात लष्कराची गरज देशी पोलाद उत्पादनाच्या सुमारे ३ टक्केच असल्याचे नमूद होते, आणि काही महिन्यांत कॅनडा व युरोपीय संघ हे मित्रदेशही त्या शुल्काखाली आले. सुरक्षेचे कारण कितपत टिकते, हे या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचकाने स्वतः ठरवावे. २०२५ मधील देशनिहाय शुल्कांसाठी १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकार कायद्याचा आधार घेतला गेला. त्या कायद्यात आयातीचे नियमन करण्याचा उल्लेख आहे, पण शुल्काचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि त्यावरूनच हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सिनेटर किंवा प्रतिनिधीगृहाचा सदस्य असेल तर त्याचे मतदान पाहावे. उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराला १७ नोव्हेंबर १९९३ रोजी प्रतिनिधीगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी संमती मिळाली. अध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे असूनही करारामागे रिपब्लिकनांची १३२ मते होती आणि डेमोक्रॅटांची १०२. पक्षावरून नेत्याची भूमिका गृहीत धरणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

आदेशाचे परिशिष्ट वाचावे

माझ्या मते या संपूर्ण कामातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग परिशिष्टात असतो. अध्यक्षांचे आदेश फेडरल रजिस्टर या शासकीय राजपत्रात प्रसिद्ध होतात. त्यांच्या प्रस्तावनेत मोठमोठी कारणे असतात. शेवटी मात्र वस्तूंचे संकेतांक आणि सूट दिलेल्या मालाची यादी असते. हे संकेतांक अमेरिकेच्या शुल्क अनुसूचीतले असतात. ती अनुसूची आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग प्रसिद्ध करतो आणि कोणालाही ती विनामूल्य पाहता येते. तिच्या ७२ व्या प्रकरणात लोखंड-पोलाद आहे, ८७ व्या प्रकरणात वाहने आहेत, आणि ९९ व्या प्रकरणात तात्पुरती व जादा शुल्के आहेत. एखाद्या वस्तूचा मूळ दर तिच्या प्रकरणात सापडला म्हणून थांबू नये. खरा भार बहुधा ९९ व्या प्रकरणात असतो. दराच्या दुसऱ्या रकान्याकडेही एकदा लक्ष द्यावे. सामान्य व्यापारसंबंध नसलेल्या मोजक्या देशांसाठी तो आहे आणि त्यातले बरेचसे दर १९३० च्या कायद्यातून आजवर चालत आले आहेत.

सूट दिलेल्या मालाच्या याद्या नेत्याची सहनशक्ती कुठे संपते ते दाखवतात. २ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी जवळपास सर्व देशांवर किमान १० टक्के आणि अनेक देशांवर त्याहून चढ्या शुल्काची घोषणा केली. देशनिहाय दरांचे सूत्र साधे होते: त्या देशाशी असलेल्या वस्तुव्यापारातील तुटीला तिथून होणाऱ्या आयातीने भागायचे आणि येणारा आकडा निम्मा करायचा. समोरचा देश प्रत्यक्षात किती शुल्क लावतो, हे त्या गणितात थेट कुठेच नव्हते. घोषणा मात्र ‘परस्पर’ शुल्काची होती. इथे नेत्याचा खरा रोख व्यापारी तुटीवर आहे, समोरच्याच्या शुल्कावर नाही, हे सूत्र वाचूनच कळते. त्याच महिन्यात स्मार्टफोन व संगणक वगळले गेले, आणि नोव्हेंबरमध्ये कॉफी, केळी व गोमांस यांना सूट मिळाली. महागाईची ओरड जिथे ग्राहकाच्या रोजच्या खरेदीशी भिडली, तिथे भूमिका नरमली.

शुल्क कशासाठी, हे विचारावे

शुल्काचे उद्देश मुख्यतः तीन असतात: तिजोरीत भर, देशी उद्योगाला आडोसा आणि वाटाघाटीतला दबाव. अनेक नेते तिन्ही एका दमात सांगतात. पण आयात थांबली तर महसूल मिळत नाही, आणि समोरचा झुकताच शुल्क काढून टाकायचे असेल तर त्याच्या भरवशावर कोणी कारखाना उभारत नाही. म्हणून नेत्याने तिन्ही उद्देश सांगितले असतील, तर उद्देश एकमेकांना आडवे आले तेव्हा त्याने कोणता राखला, हे शोधावे. महसुलाच्या दाव्याला इतिहासाची जोड द्यावी. १९१३ पूर्वी, म्हणजे कायमस्वरूपी आयकर येण्याआधी, संघराज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग सीमाशुल्कातून येत असे; २०२४ मध्ये तो वाटा २ टक्क्यांहून कमी होता. १८९७ ते १९०१ या काळात अध्यक्ष असलेल्या मॅकिन्लींच्या काळातला दाखला आजच्या अर्थसंकल्पाला तसाच लावता येत नाही.

यापुढचा प्रश्न भाराचा आहे. शुल्काची रक्कम अमेरिकी बंदरावर अमेरिकी आयातदार भरतो. परदेशी सरकार ती भरत नाही. परदेशी निर्यातदार किंमत उतरवून त्यातला काही भाग सोसू शकतो, पण २०१८-१९ मधील शुल्कांच्या अभ्यासांत जवळजवळ सगळा भार अमेरिकी खरेदीदारांवरच पडल्याचे आढळले. जानेवारी २०१८ मध्ये कपडे धुण्याच्या यंत्रांवर शुल्क लागले, तेव्हा त्यांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या, आणि शुल्क न लागलेल्या कपडे वाळवण्याच्या यंत्रांच्या किमतीही जवळपास तेवढ्याच वाढल्या, कारण दुकानांत ही दोन यंत्रे जोडीने विकली जातात आणि वाढ दोघांत वाटून टाकणे विक्रेत्यांना सोयीचे होते. नेता ‘हे पैसे परदेश भरतो’ असे म्हणत असेल तर ते वाक्य त्याच्या नावावर जसेच्या तसे नोंदवावे आणि शेजारी ही वस्तुस्थिती लिहावी.

प्रतिशुल्कही हिशेबात धरावे. १९८३ मध्ये ज्या हार्ली-डेव्हिडसनला संरक्षण मिळाले, त्याच कंपनीच्या गाड्यांवर जून २०१८ मध्ये युरोपीय संघाने पोलाद-शुल्काला उत्तर म्हणून शुल्क ६ वरून ३१ टक्क्यांवर नेले, आणि युरोपसाठीच्या काही गाड्यांचे उत्पादन अमेरिकेबाहेर हलवण्याचे कंपनीने जाहीर केले. चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावल्यावर सरकारला जुलै २०१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरपर्यंतच्या मदतीची घोषणा करावी लागली. शुल्काचे समर्थन करणारा नेता या मदतीबद्दल काय म्हणतो, हा त्याच्या भूमिकेचाच भाग मानला पाहिजे.

भूमिका बदलते तेव्हा

मत बदलणे हा गुन्हा नव्हे, परंतु बदल कधी आणि कशापायी झाला हे स्पष्ट लिहावे. हिलरी क्लिंटन यांनी परराष्ट्रमंत्री असताना २०१२ मध्ये प्रशांत महासागराभोवतीच्या देशांमधील पॅसिफिक भागीदारी या व्यापार कराराची तोंडभरून स्तुती केली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये, पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या धामधुमीत, त्याला विरोध केला. बराक ओबामा यांनी २००८ च्या प्रचारात उत्तर अमेरिकेच्या करारावर टीका केली, २००९ मध्ये चिनी टायरांवर ३५ टक्के शुल्क लावले आणि २०११ मध्ये दक्षिण कोरिया, कोलंबिया व पनामा यांच्याशी मुक्त व्यापार करार मार्गी लावले. जॉर्ज डब्ल्यू. बुश मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते म्हणून निवडून आले, मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावून बसले, आणि जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरुद्ध गेल्यावर व युरोपने प्रतिशुल्काची तयारी केल्यावर डिसेंबर २००३ मध्ये ते मागे घेतले. उंच शुल्काचे प्रतीक मानले गेलेले विल्यम मॅकिन्ली यांनीही ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथील भाषणात परस्पर सवलतींच्या करारांची बाजू मांडली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मॅकिन्लींचा दाखला देणारे आज बहुधा त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शुल्क वाढवणाऱ्या १८९० च्या कायद्यापाशी थांबतात.

याउलट ट्रम्प यांच्या बाबतीत सातत्य दिसते. त्यांनी १९८७ मध्येच तीन मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन, जपानसारखे देश अमेरिकेचा फायदा घेतात, अशी तक्रार केली होती. त्यांच्या धोरणाला विरोध असणाऱ्यानेही हे सातत्य प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. वारसदाराकडेही पाहावे: जो बायडेन यांनी चीनवरची ट्रम्पकालीन शुल्के कायम ठेवली आणि मे २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरचे शुल्क २५ वरून १०० टक्क्यांवर नेण्याची घोषणा केली. विरोधी पक्षात असताना केलेल्या टीकेपेक्षा सत्तेत आल्यावर जे मागे घेतले नाही, ते अधिक भरवशाचे असते.

आकडे आणि नोंद

सरासरी शुल्काचा आकडा वापरताना तो कशाची सरासरी आहे ते पाहावे. १९३२ मध्ये शुल्कपात्र आयातीवरची सरासरी सुमारे ५९ टक्के होती, तर एकूण आयातीवरची सुमारे २० टक्के, कारण बराच माल शुल्कमुक्त येत असे. शिवाय त्या काळी अनेक शुल्के वजनावर ठरत. मंदीत भाव कोसळल्याने टक्केवारी आपोआप फुगली होती. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि वक्ता आपल्या सोयीचा निवडतो.

शेवटी जे लिहायचे ते वस्तू, देश, दर, कायदा, मुदत आणि सांगितलेले कारण यांच्यासह लिहावे; ‘अमुक नेता मुक्त व्यापारवादी आहे’ एवढेच लिहून सोडू नये. मुदतीची चौकशी आवर्जून करावी. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर वाढवलेल्या शुल्काला उत्तर म्हणून लिंडन जॉन्सन यांनी हलक्या मालवाहू गाड्यांवर लावलेले २५ टक्के शुल्क १९६४ पासून आजतागायत चालू आहे, मूळ भांडण केव्हाच विरले असूनही. आणि प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या दिवसापर्यंतची आहे ते घालावे. २ एप्रिल २०२५ ला जाहीर झालेले देशनिहाय दर ९ एप्रिलला लागू होताच त्याच दिवशी चीन वगळता इतरांसाठी ९० दिवस स्थगित झाले आणि ११ एप्रिलला इलेक्ट्रॉनिक मालाची सूट आली, त्यामुळे ३ एप्रिलला लिहिलेली अचूक नोंदसुद्धा १२ एप्रिलला तपासून दुरुस्त करावी लागली असती.